नोटीस बोर्डावरच्या चार ओळी

‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की’ अशी सुरुवात असलेला कागद महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात शिरलं की जिन्यापाशी भेटतोच. डोंबिवलीतल्या एखाद्या छोट्या कॉलेजचा बोर्ड डोळ्यांसमोर आणा. सरकत्या काचेमागे हिरवं कापड, गंजायला आलेल्या टाचण्या आणि या आठवड्याच्या बातम्या. रेल्वे कन्सेशनचे फॉर्म अकरा ते एक या वेळेतच मिळतील. सुधारित टाइमटेबल सोमवारपासून लागू. इंटर्नल परीक्षा गणपतीच्या सुट्टीनंतर. केटीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख शुक्रवार. एनएसएसच्या रक्तदान शिबिरासाठी नावं द्यावीत. मुलं चालता चालता मोबाइलवर फोटो काढतात, वर्गाच्या ग्रुपवर टाकतात आणि कॅन्टीनकडे वळतात.

मला या कागदांचं विलक्षण अप्रूप आहे. चार ओळींचा मजकूर, खाली प्राचार्यांची सही, गोल शिक्का. पण त्यातली एकेक ओळ मागे मागे तपासत गेलं की कधी गणितातला आजवर न सुटलेला प्रश्न लागतो, कधी चंद्र लागतो, कधी रक्तपेढीत जेमतेम पाच दिवस टिकणारा रक्ताचा एक घटक. आणि हे सगळं निभावणारी माणसं कोण? ऑफिसातल्या दोन मॅडम, एक शिपाईकाका आणि लेक्चरं सांभाळून हे काम अंगावर घेणारे चार-पाच शिक्षक.

डोंबिवलीचा बोर्ड निवडला त्याला कारण आहे. नोकरी मुंबईत आणि परवडणारं घर इथे, म्हणून ठिकठिकाणची कुटुंबं या गावात आली, आणि आल्यावर त्यांनी आपापल्या संस्था काढल्या. के. व्ही. पेंढारकर कॉलेज डोंबिवली शिक्षण प्रसारक मंडळाचं. मॉडेल कॉलेज केरळीय समाजमचं. साउथ इंडियन असोसिएशनचं वेगळं कॉलेज आहे, आणि मंजुनाथ शाळा-कॉलेजामागे कन्नड मंडळी आहेत. ज्या गावात २०१७च्या फेब्रुवारीत नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याच गावात मल्याळी, कन्नड आणि इतर दाक्षिणात्य घरांनी कॉलेजं उभी करून त्यांत सगळ्यांची मुलं शिकवली. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि सहा महिन्यांनी ओणमची फुलांची रांगोळी या दोन्ही नोटिसा इथे एकाच काचेमागे शोभून दिसतात.

पण या गावातली सगळ्यात मोठी गर्दी खेचणारी नोटीस कन्सेशनचीच.

‘मॅडम, कन्सेशन मिळेल का?’

‘आयकार्ड आणलंस? जुना पास दाखव. कुठून कुठे?’

‘टिटवाळा-डोंबिवली. तीन महिन्यांचा.’

मॅडम जुन्या पासची तारीख बघतात, नंबर असलेल्या छापील फॉर्मवर नाव, वय, दोन्ही स्टेशनं आणि मुदत लिहितात, शिक्का मारतात, सही होते. तो कागद घेऊन मुलगी तिकीट खिडकीवर जाते आणि पास तिला सवलतीच्या दरात मिळतो. जेमतेम दोन मिनिटांचं काम. पण नीट पाहिलं तर इथे एक मोठी गोष्ट घडून गेलेली असते. खिडकीमागच्या माणसाने त्या मुलीला कधी पाहिलेलं नाही. ती खरंच शिकते का, टिटवाळ्यालाच राहते का, हे तपासायला त्याच्याकडे वेळही नाही. त्याचा विश्वास फक्त त्या सहीवर आणि शिक्क्यावर. रेल्वेने लाखो मुलामुलींची चौकशी करायच्या ऐवजी काही शे-हजार संस्थांची ओळख ठेवली आणि बाकीची ओळख पटवण्याचं काम संस्थांवर सोपवलं. ऑफिसातल्या मॅडमना ती मुलगी ठाऊक असते, फी कधी भरली तेही ठाऊक असतं. म्हणून त्या फॉर्मला नंबर असतो, त्याची नोंद वहीत होते, आणि खाडाखोड केलेला फॉर्म खिडकीवर चालत नाही. देशाची एवढी थोरली यंत्रणा एका छोट्या टेबलावरच्या माणसाच्या शब्दावर रोज लाखो रुपये सोडते आणि ते निभावतं, हे मला फार मोठं वाटतं.

कन्सेशनच्या वहीत आणखीही काही दिसतं. कल्याणला रेल्वेचा मार्ग दोन बाजूंना फुटतो, एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. टिटवाळ्याची मुलगी एका फाट्यावरून येते, बदलापूरचा मुलगा दुसऱ्या. कल्याणच्या पुढे गाड्या विरळ. त्यामुळे पहिलं लेक्चर दहा मिनिटं अलीकडे ओढलं तर काहींना दहा मिनिटं लवकर निघून भागत नाही, आधीची गाडी पकडावी लागते, आणि ती अर्धा-पाऊण तास आधीची असू शकते. टाइमटेबल करणाऱ्या शिक्षकाला हे माहीत असावं लागतं. आणि इथून आपण बोर्डावरच्या सगळ्यात गहन कागदाकडे येतो.

सुधारित टाइमटेबल. ‘सुधारित’ या शब्दावर मुलं वैतागतात. पहिल्यांदाच नीट का करत नाहीत, असं त्यांना वाटतं. माझं म्हणणं असं की तिसऱ्या दुरुस्तीत का होईना, ते जमतं याचंच आश्चर्य करायला हवं.

छोट्या कॉलेजात हे काम बहुधा एकाच सरांकडे किंवा मॅडमकडे वर्षानुवर्षं असतं. मोठा कागद, पट्टी, रंगीत पेनं. रंग कामाला येतात हे गणितालाही मान्य आहे, कारण टाइमटेबलचा प्रश्न हा गणितात रंग भरण्याचा प्रश्न म्हणूनच ओळखला जातो. १८५२ साली लंडनमध्ये फ्रान्सिस गथ्री नावाचा तरुण इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवत होता. शेजारी-शेजारी एक रंग येऊ द्यायचा नाही म्हटलं तर चार रंग पुरतात, हे त्याच्या ध्यानात आलं. कुठल्याही नकाशाला चार पुरतील का? भावाच्या मार्फत हा प्रश्न प्राध्यापक ऑगस्टस डी मॉर्गन यांच्यापर्यंत गेला, आणि त्याचं उत्तर मिळायला १९७६ साल उजाडलं. केनेथ अपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी संगणकाला हजारावर तास राबवून ते मिळवलं.

आता नकाशा बाजूला ठेवा. प्रत्येक विषय म्हणजे कागदावरचा एक ठिपका. ज्या दोन विषयांत एकही मूल सामाईक आहे त्या दोन ठिपक्यांना रेघेने जोडा, कारण ते एका वेळी ठेवता येत नाहीत. प्रत्येक वेळेला एक रंग द्या. रेघेच्या दोन्ही टोकांना एकच रंग आला की क्लॅश झाला. कमीत कमी रंगांत सगळे ठिपके रंगवा, झालं टाइमटेबल.

करून बघा. अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, मराठी, मानसशास्त्र हे पाच विषय. काही मुलांकडे अर्थशास्त्र आणि इतिहास आहे, काहींकडे इतिहास आणि राज्यशास्त्र, काहींकडे राज्यशास्त्र आणि मराठी, काहींकडे मराठी आणि मानसशास्त्र, उरलेल्यांकडे मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र. प्रत्येकाचे विषय दोनच, तेव्हा एक सकाळी, एक दुपारी, असं वाटतं. अर्थशास्त्र सकाळी ठेवा. इतिहास दुपारी. राज्यशास्त्र सकाळी. मराठी दुपारी. राहिलं मानसशास्त्र. सकाळी ठेवलं तर अर्थशास्त्राशी गाठ, दुपारी ठेवलं तर मराठीशी. सुरुवात कुठूनही करा, दोन वेळांत हे पाच विषय बसत नाहीत म्हणजे नाहीतच. कोणाही मुलाचे तीन विषय नसताना तिसरी वेळ लागते. आता मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्या मधोमध भूगोल घाला, म्हणजे त्या उरलेल्या मुलांचे दोन गट करून एकाला मानसशास्त्र-भूगोल आणि दुसऱ्याला भूगोल-अर्थशास्त्र द्या. विषय एकाने वाढला, आणि सगळं दोन वेळांत चपखल बसलं! वर्तुळात विषमसंख्येने विषय असले की अडतं, समसंख्येने असले की सुटतं. विषय वाढवल्यावर काम सोपं होतं, हे टाइमटेबलच्या कागदावर स्वतः करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

पाच विषयांचं हे कोडं पाच मिनिटांचं. पण विषय वाढले की शक्यता कशा फुगतात ते बघा. बारा विषय पाच वेळांत वाटायचे तर वाटण्याच्या तऱ्हा २४,४१,४०,६२५. सेकंदाला एक लाख तऱ्हा तपासणारं यंत्र असलं तर चाळीस मिनिटांत सगळ्या तपासून होतील. आठ विषय वाढवा, वीस करा. तेच यंत्र, तोच वेग. आता तीस वर्षं लागतील. जूनमध्ये कामाला लावलेलं यंत्र उत्तर देईल तेव्हा त्या वर्षीच्या मुलांची मुलं कॉलेजला जात असतील.

सगळ्या तऱ्हा तपासल्याशिवाय, कुठल्याही आकाराच्या टाइमटेबलला हमखास लागू पडेल अशी झटपट रीत आहे का? १९७२ साली रिचर्ड कार्प यांनी दाखवलं की ठिपके रंगवण्याचा हा प्रश्न अशा एका कुटुंबातला आहे, ज्यातल्या एकाला झटपट रीत सापडली तर साऱ्यांना सापडेल. मालाच्या वाटणीपासून प्रवासाच्या आखणीपर्यंत शेकडो अवघड प्रश्न त्या कुटुंबात आहेत. अशी रीत मुळात असू शकते की नाही, हे आजही कोणाला सिद्ध करता आलेलं नाही, आणि २००० सालापासून त्या उत्तरावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लागलेलं आहे.

स्टाफरूममधल्या मॅडम हा प्रश्न दर जूनला सोडवतात. कशा? सगळ्यात अडेल विषय आधी बसवून. ज्या ठिपक्याला सर्वांत जास्त रेघा, तो आधी. मग अडेल माणसं, म्हणजे दोन कॉलेजांत शिकवणारे, मंगळवार-गुरुवारीच येऊ शकणारे सर. मग अडेल खोल्या, म्हणजे एकुलती एक कॉम्प्युटर लॅब. सोपे विषय शेवटी उरलेल्या फटींत. संगणकशास्त्रातही हीच रीत शिकवतात. स्टाफरूमला ती अनुभवाने आधीच अवगत होती.

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि या कागदावरच्या रेघा एकदम वाढल्या. पूर्वी एका वर्गाची मुलं बहुतेक विषयांना एकत्र बसत. आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली असं सगळं मिळून एका सेमला २२ क्रेडिट. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास शिकवणं, प्रॅक्टिकल असेल तर तीस. आणि ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचं घ्यायचं. कॉमर्सची मुलगी विज्ञानातला विषय घेते, सायन्सचा मुलगा इतिहासातला. मुलांच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट आहे, मला ती मनापासून आवडते. पण अशा प्रत्येक निवडीने आजवर लांब असलेले दोन ठिपके जोडले जातात. तेव्हा ‘सुधारित’ हा शब्द वाचून वैतागू नका.

तारखांचं प्रकरण तर आणखी मजेचं, कारण तिथे आकाश मध्ये येतं.

कॉलेजात वर्षाला निदान १८० दिवस शिकवणं झालं पाहिजे असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम. म्हणजे सेमला नव्वद. पहिली सेम जूनमध्ये सुरू होते आणि दिवाळीच्या आसपास संपते, मध्ये गणपती येतात. आता गणेश चतुर्थीच्या तारखा ओळीने वाचा. २०२३ साली १९ सप्टेंबर. २०२४ साली ७ सप्टेंबर. २०२५ साली २७ ऑगस्ट. दर वर्षी दहा-बारा दिवस अलीकडे. मग २०२६ साली १४ सप्टेंबर, एकदम अठरा दिवस पलीकडे. इंटर्नल परीक्षा गणपतीच्या आधी घ्यायची की नंतर, प्रोजेक्ट कधी मागायचा, तोवर किती धडे शिकवून होतील, हे सगळं या मागेपुढे होण्यावर ठरतं. एका वर्षीचं वेळापत्रक दुसऱ्या वर्षी तारखा बदलून वापरता येत नाही.

बारा चांद्रमहिन्यांचे दिवस होतात ३५४. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांची तूट. ती तशीच साचू दिली तर गणपती सरकत सरकत मे महिन्यात यायचे आणि होळी थंडीत. म्हणून ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही तो महिना आपण अधिक धरतो. २०२३ साली श्रावण अधिक होता, २०२६मध्ये ज्येष्ठ. अधिक महिना आला की पुढचे सण त्या वर्षी लांबतात. हिजरी कॅलेंडरमध्ये असा अधिक महिना नाही, म्हणून रमजान ईद साऱ्या ऋतूंतून फिरत फिरत सुमारे तेहेतीस वर्षांनी पूर्वीच्या जागी येते. ओणमचं वेगळंच, तिथे महिना सूर्याचा आणि दिवस नक्षत्राचा. डोंबिवलीतल्या कॉलेजची सुट्ट्यांची यादी म्हणजे तीन प्रकारच्या कालगणना एका कागदावर. आणि चंद्रदर्शनावर अवलंबून असलेली सुट्टी आदल्या संध्याकाळी एका दिवसाने पुढे गेली की रात्री ग्रुपवर मेसेज पडतो आणि सकाळच्या सत्राची मुलं गजर बदलतात.

यात एक गंमत कॉलेजच्याच वयाची आहे. २३५ चांद्रमहिने म्हणजे एकोणीस सौर वर्षं, फरक फक्त दोन तासांचा. याचा अर्थ, तुमचा जन्म झाला तेव्हा जी तारीख होती आणि जी तिथी होती, त्यांची गाठ पुन्हा एकोणिसाव्या वाढदिवसाला पडते. लीप वर्षामुळे कधी एखाद्या तिथीचा फरक पडतो, एवढंच. एस.वाय.च्या वर्गातली मुलं-मुली नेमकी याच वयाची. जन्माच्या रात्री आकाशात जेवढा चंद्र होता तेवढाच चंद्र, त्याच तारखेला, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना याच वर्षी दिसतो. आईला तिथी विचारा आणि जुन्या पंचांगाशी ताडून बघा.

परीक्षेच्या नोटिशीबद्दल थोडंच लिहितो. मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालं. १८६२ साली तिथून बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत चारच जण होते, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर. आज त्याच विद्यापीठाला आठशेहून अधिक कॉलेजं संलग्न आहेत, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत. एकच प्रश्नपत्रिका एकाच घटकेला इतक्या ठिकाणी उघडायची, आणि एक मिनिटही आधी नाही. पूर्वी सीलबंद पाकिटं गाडीने जात. आता प्रश्नपत्रिका वेळेच्या थोडं आधी इंटरनेटवरून केंद्रावर येते, आणि प्राचार्यांच्या देखरेखीखाली तिथेच छापली जाते. त्या वेळात वीज गेली तर काय, प्रिंटर अडला तर काय, याची तजवीज आदल्या दिवशी करून ठेवावी लागते. शिपाईकाका बाकांवर नंबर चिकटवत असतात तेव्हा आत हा ताण चाललेला असतो. उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, तपासणाऱ्याला नाव दिसत नाही. निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचा असं कायदा सांगतो. २०१७ साली सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरलं, पुरेशी तयारी नव्हती, निकाल महिनोन्‌महिने रखडले, आणि शेवटी राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. त्या वर्षी परदेशी प्रवेश हुकलेल्या मुलांना विचारा, वेळेवर लागलेल्या निकालाची किंमत ते सांगतील.

आता रक्तदानाची नोटीस. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजेच एनएसएस, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली, तेव्हा ३७ विद्यापीठांतली चाळीस हजार मुलं तिच्यात होती. आज एनएसएसचं मूल वर्षाला १२० तास काम करतं, आणि त्यातल्या एका दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये खाटा मांडून रक्तपेढीची माणसं बसतात.

अट काय? अठरा वर्षं पूर्ण, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन निदान १२.५. बोटाच्या टोकावर सुई टोचून थेंब तपासतात, आणि कितीतरी मुली इथेच परत फिरतात, कारण हिमोग्लोबिन कमी. ‘मला तर काहीच होत नाही’, असं म्हणणाऱ्या मुलीला आपल्याला लोह कमी पडतंय हे इथे पहिल्यांदा कळतं. शिबिराचा हाही एक उपयोग, आणि तो कुठल्या अहवालात येत नाही.

एका पिशवीत बहुतेक ३५० मिलिलीटर रक्त जातं. पुढे ती पिशवी यंत्रात गरगर फिरवतात. तांबड्या पेशी जड, त्या तळाला बसतात. वर पिवळसर प्लाझ्मा राहतो, आणि मधल्या पायरीवर प्लेटलेट्स निघतात. एका मुलाच्या रक्तातून तीन वेगळ्या पिशव्या, तीन वेगळ्या रुग्णांसाठी. तिघींचं आयुष्य वेगवेगळं. गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर टिकतो. तांबड्या पेशी फ्रिजमध्ये पाच-सहा आठवडे. प्लेटलेट्स मात्र फ्रिजमध्ये ठेवायच्याच नाहीत. २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या तबकात, आणि तेही पाचच दिवस. कॅन्सरच्या उपचारांत त्या लागतात, डेंग्यू बळावला तर लागतात, आणि साठवून ठेवता येत नाहीत.

यावरून रक्तपेढीला तारखांची एवढी काळजी का, ते कळतं. सोमवारी तीन कॉलेजांत शिबिरं झाली आणि पुढे दोन आठवडे एकही नाही, तर सोमवारच्या प्लेटलेट्सचा पुढच्या मंगळवारी काही उपयोग नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं, बारा महिने, परीक्षा असो की सुट्टी. आणि आपल्याकडे कॉलेजं बंद पडली, लोक गावाला गेले की एप्रिल-मेमध्ये रक्ताची चणचण ठरलेली. कॉलेजांचं कॅलेंडर रक्तपेढ्यांच्या कपाटात असं उमटतं.

दोन रक्तदानांमध्ये मुलग्याने ९० दिवस थांबायचं, मुलीने १२०. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रक्त दिलेला मुलगा मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा मोकळा, मुलगी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे चणचणीचा हंगाम सुरू होतो तेव्हा डिसेंबरचे सगळेच दाते पुन्हा तयार असतात, आणि नेमके तेव्हाच ते परीक्षेला बसलेले असतात. म्हणून माझी एनएसएसच्या प्रत्येक कार्यक्रम अधिकारी सरांना आणि मॅडमना एक विनंती आहे. डिसेंबरचं शिबिर चालू ठेवा, पण दुसरं एक लहानसं शिबिर शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. त्याच दिवशी नको, कारण रात्रभर जागून पेपर दिलेल्या मुलाचं रक्त घेत नाहीत. एक रात्र झोप होऊ द्या, सकाळी पोटभर खाऊन येऊ द्या. जानेवारीच्या उत्तरार्धात काढलेला तीन महिन्यांचा पास एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत चालतो, म्हणजे टिटवाळ्याच्या मुलीला त्या दिवशी यायला वेगळं तिकीटही काढावं लागणार नाही. परीक्षेचं वेळापत्रक हातात पडलं की तारीख तिथल्या तिथे ठरवता येते, आणि शेवटच्या पेपरला सगळी मुलं कॉलेजात येणारच असतात, तेव्हा नावं त्याच दिवशी घेता येतील.